झाडू लागला की हात वर

ऑरेस्ट दुचाकनं आयुष्यात पुष्कळ कामं अर्धवट सोडली. गॅरेजची मागची भिंत अजून रंगाविना उभी आहे, आणि बायकोला, नेटीला, कबूल केलेला व्हरांडा चाळीस वर्षं नुसता बोलण्यातच आहे. पण कर्लिंगच्या बर्फावर त्यानं कधी लबाडी केली नाही, हे लोनस्प्रूस गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खेळ साधा. जड दगड बर्फावरून सरकत सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढं झाडू मारत त्याची वाट गुळगुळीत करायची. झाडू चुकून दगडाला लागला, तर ज्याचा लागला त्यानंच हात वर करायचा. पंच नाही, शिट्टी नाही. आणि एकदा हात वर केला की त्या दगडाचं काय करायचं ते समोरचा संघ ठरवतो. आपण तोंड मिटून उभं राहायचं. एका वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या दगडाला, ऑरेस्टनं असा हात वर केला होता. कुणाच्या बापाला दिसलं नसतं. चषक गेला, पण ती गोष्ट त्याला जन्मभर पुरली. कुणी ती सांगायला लागलं की तो "जाऊ द्या हो" म्हणायचा आणि खुर्ची जरा जवळ ओढायचा.

असा हा माणूस जानेवारीत फोनवर नर्सशी खोटं बोलला.

झालं होतं असं, की पाठीवरचा एक तीळ कर्करोगाचा निघाला. तो कापून काढला, पण तोवर त्याची पिल्लं फुफ्फुसात जाऊन बसली होती. विनिपेग शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलं. दर तीन आठवड्यांनी गावातल्याच छोट्या इस्पितळात जायचं, दोन खुर्च्यांच्या खोलीत बसायचं, आणि शिरेतून ते थेंबाथेंबानं घ्यायचं. केस घालवणाऱ्या जातीचं नव्हतं ते. अंगातलेच राखणदार जागे करून गाठींवर सोडायचे, अशी त्याची रीत.

तिथली नर्स रोवेना, फिलिपीन्सची. चार वर्षांपूर्वी नवऱ्यासह गावात आली होती. तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "कुत्रं चोरावर सोडलं की कधीमधी घरच्यांवरही भुंकतं. अंगावर पुरळ आलं, खाज सुटली, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. लवकर सांगितलंत तर मलमावर भागतं. उशीर केलात तर औषध थांबवावं लागतं."

एवढ्या सगळ्यातलं ऑरेस्टच्या डोक्यात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

नाताळच्या सुमारास तपासणी झाली. फुफ्फुसातल्या गाठी निम्म्यानं आटल्या होत्या. नेटीनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि दोनदा रडली. आणि त्याच आठवड्यात ऑरेस्टला पट्ट्याखाली खाज सुटली. मग पोटावर, मग दंडावर, मग मनगटापर्यंत लाल चट्टे.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं फोन उचलला असता. पण ऑरेस्टच्या लेखी खाज हा आजार नव्हताच, ती घाण होती. लहानपणी शाळेत आरोग्यवाली बाई यायची, तेव्हा बाह्या वर करायला लावायची ती त्याच्यासारख्या युक्रेनी घरच्या पोरांनाच. एकदा त्याच्या बोटांच्या बेचक्यात खरूज निघाली. भर वर्गातून त्याला घरी पाठवलं, आणि पोरं कुंपणापर्यंत "लसूणखाऊ, खरजुल्या" करत मागं आली. आईनं त्याला गोठ्यात उभं करून फरशीच्या ब्रशनं आणि कपड्यांच्या साबणानं घासलं. घासताना ती रडत होती, आणि तिला कशाचं रडू येतंय हे त्या वयातही त्याला कळलं होतं.

मग म्हातारपणी त्यानं तेच केलं. न्हाणीघराला आतून कडी, सोसवेल तेवढं कढत पाणी, ब्रश, पिवळा साबण. वरून गाईच्या आचळांना लावायचं मलम. अंग धुतलं की घटकाभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट आग व्हायची. घाण अजून गेली नाही असं समजून तो दुसऱ्या दिवशी आणखी जोरात घासायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. ह्याला ब्रशचाही पुरत नव्हता.

नेटीच्या नजरेतून काही सुटत नाही. तिनं चादर त्याच्यापुढं धरली. "हे रक्ताचे डाग कसले?"

"थंडीनं कातडं उकलतंय."

"मी काय उन्हात राहते? माझं नाही उकलत ते! रोवेनाला सांगितलंस?"

"सांगतो."

"कधी? मेल्यावर?"

"औषध बंद करतील ते, नेटी! गाठी निम्म्यावर आल्यात. आता बंद केलं तर?"

ते ऐकून नेटीनं चादर गुंडाळली, कारण ती भीती तिच्याही पोटात होती. पण ते अर्धंच खरं होतं. बाकी अर्धं असं, की त्या स्वच्छ, टापटीप बाईसमोर सदरा काढायची त्याला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी रोवेनाचा नेहमीचा फोन आला. ताप? नाही. जुलाब? नाही. पुरळ, खाज? "छे, काही नाही," ऑरेस्ट म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं मांडी खाजवत राहिला.

रोवेनाचा नवरा डांते धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच कर्लिंग खेळत होता. त्याला आपल्या संघात घेतलं ते ऑरेस्टनंच. दगड कसा सोडायचा, झाडू कसा धरायचा, खेळाआधी आणि खेळानंतर प्रत्येकाशी उघड्या हातानं हात कसा मिळवायचा, सगळं त्यानं शिकवलं. "मनात कितीही राग असू दे, खेळ संपला की हात द्यायचा." डांते त्याला 'कुया' म्हणायचा. त्यांच्यात थोरल्या भावाला म्हणतात तसं. ऑरेस्टला सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळं ते त्याला फार आवडायचं. डांतेकडं स्वतःचं सामान नव्हतं. तो क्लबच्या पेटीतले हातमोजे वापरायचा.

त्या शुक्रवारी खेळ संपल्यावर सगळे बिअर घेऊन बसले होते. ऑरेस्टची बाही वर सरकली, आणि शेजारच्या मर्व्हला मनगट दिसलं. मर्व्ह म्हणजे समोरच्या संघाचा म्होरक्या. मनानं वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही.

"अरे बापरे! हे काय रे?"

सगळ्यांच्या माना वळल्या. ऑरेस्ट सत्तरीला टेकलेला होता, नातवंडांचा आजोबा होता, आणि तरी त्या क्षणी तो पुन्हा शाळेच्या कुंपणापाशी उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही रे. क्लबच्या पेटीतले हातमोजे घातले होते एकदा. तेव्हापासून."

"पेटीतले?" मर्व्हनं आवाज खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्याच खोलीला ऐकू गेला. "पेटीतले तर डांते वापरतो."

डांते तेव्हा पलीकडं खुर्च्या लावत होता. ऑरेस्टनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव मर्व्हनं घेतलं. ऑरेस्टनं फक्त बिअरचा एक घोट घेतला. नंतर तो स्वतःला हेच परत परत सांगत राहिला, मी नाव घेतलं नाही, मी नाव घेतलं नाही, आणि जितक्या वेळा सांगावं तितकी ती सबब अधिकच कुजकी वाटायची.

पुढच्या आठवड्यात क्लबच्या मागं पिंपात हातमोज्यांची पेटी जाळली गेली. फळ्यावर चिठ्ठी लागली, की प्रत्येकानं आपापलं सामान वापरावं. खेळाआधी डांतेनं हात पुढं केला तर मर्व्हनं कोपर टेकवलं. "सर्दी झालीय मला," असं म्हणून त्यानं पुढच्याशी मात्र मजेत हात मिळवला. त्याच्या मागच्याचंही कोपरच. डांतेचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला आणि हसला. ते हसणं ऑरेस्टला ओळखीचं होतं. मार खाल्लेलं पोर, मला कुठं लागलंय, म्हणून हसतं, तसं.

त्या रविवारी क्लबचं जेवण होतं, प्रत्येकानं घरून काही ना काही आणायचं असं. दर वेळी डांतेच्या पान्सितवर, त्या भाज्या घातलेल्या शेवयांवर, लोक तुटून पडायचे. या वेळी थाळा भरलेलाच राहिला. नेटीला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, तिनं दोनदा वाढून घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, "तू नाही घेत? एरवी तर चाटून-पुसून खातोस!" ऑरेस्ट पळी उचलणार, तेवढ्यात त्याला समोर बसलेला मर्व्ह दिसला. मग त्यानं पळी ठेवली आणि शेजारचे पिरोही, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढून घेतले. जेवण संपल्यावर डांतेनं थाळ्यावर कागद नीट दाबून बसवला आणि तो बाहेर गाडीत नेऊन ठेवला. ऑरेस्ट खिडकीतून बघत होता. इतकी शरम त्याला खरजेचीही कधी वाटली नव्हती.

मंगळवारी औषधाचा दिवस. रोवेनानं शीर शोधायला बाही वर केली, पण बाही वर जाईना. आतली कातडी लस वाहून कापडाला चिकटली होती. तिनं कोमट पाण्यानं भिजवून ती हळूहळू सोडवली. मग पडदा ओढला. "सदरा काढा."

त्यानं काढला. पाठ, पोट, दोन्ही हात. ती बराच वेळ बघत राहिली.

"किती दिवस?"

"नाताळापासून."

"आणि मी फोनवर विचारलं तेव्हा?"

ऑरेस्टनं काढलेल्या सदऱ्याची गुडघ्यावर घडी घातली.

"हे ओरखडे कसले?"

"ब्रशचे."

"ब्रशचे?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "ऑरेस्ट, हे अंग आहे का पातेलं? औषधानं कातडी आधीच चिडलीय, आणि तुम्ही ती खरवडून काढलीत!"

"घाण असेल म्हणून..."

"घाण नाही ही. तुमच्यात घाण नाही काही. औषध काम करतंय त्याची ही झळ."

एवढं साधं वाक्य. पण साठ वर्षांत ते त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं विनिपेगला फोन लावला. आजचं औषध मिळणार नव्हतं. खाजेसाठी गोळ्या, आठवडाभर वेगळ्या जोरकस गोळ्या, चट्ट्यांवर लावायचं मलम, आणि वरून बिनवासाचं साधं क्रीम, दिवसातून कितीही वेळा. कढत पाणी बंद, साबण बंद, आचळांचं मलम तर गाईलाच परत. "बंद नाही झालं," ती म्हणाली, "पुढं ढकललंय. कातडी निवली की पुन्हा सुरू. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर आज ही सुईसुद्धा चुकली नसती."

पाठीला त्याचा हात पोचत नव्हता, म्हणून पहिल्यांदा मलम तिनंच लावलं. न चोळता, नुसतं टेकवत. थंडगार वाटलं. आणि तो गार हात पाठीवर असतानाच ऑरेस्टला राहवलं नाही.

"रोवेना, हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. कुणालाच नाही."

"हातमोज्यातून वगैरे..."

तिचा हात थांबला. पाठीमागं ती काय विचार करतेय हे त्याला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं तेच बरं होतं. थोड्या वेळानं हात परत चालू लागला, पूर्वीइतक्याच हळुवारपणे.

"डांते म्हणत होता, क्लबमध्ये कुणालातरी खरूज झालीय," ती म्हणाली. "त्याच्यामुळं."

"माझ्यामुळं," ऑरेस्ट म्हणाला. "मी खोटं बोललो. तू सांग त्याला. मी हे सांगितलंय असं सांग."

"मला नाही सांगता येत. या खोलीतलं मी घरी नेऊ शकत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही." तिनं मलमाचं झाकण लावलं. "रोज संध्याकाळी तो हात घासत बसतो. भांड्यांच्या ब्रशनं. मी नर्स आहे. मी त्याला म्हणते, तुझ्या हातांना काही झालेलं नाही. तो म्हणतो, मग ते हात का देत नाहीत? शुक्रवारी शेवटचं जाईन म्हणाला. नंतर नाही."

ती रागावली असती, दोन शब्द लागतील असे बोलली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं फक्त सदरा त्याच्या खांद्यावर ठेवला. "तुम्ही सांगू शकता," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला बोलवायला बाहेर गेली.

नेटीला त्यानं घरी गेल्याबरोबर सगळं सांगितलं. ती ऐकून खुर्चीत बसली. "त्या पोरानं आपल्या दारातला बर्फ उपसला रे, तू इस्पितळात होतास तेव्हा," एवढंच म्हणाली. मग तिनं पाठीला मलम लावून दिलं, पण रोवेनाइतक्या हळुवार हातानं नाही.

शुक्रवारी दोन्ही संघ बर्फाच्या कडेला समोरासमोर उभे राहिले. मर्व्ह रांगेतून हात मिळवत आला, आणि डांतेपाशी त्याचं कोपर वर आलं.

"थांबा," ऑरेस्ट म्हणाला, आणि त्यानं आपला हात वर केला.

मर्व्ह हसला. "अजून दगड सुटला नाही बाबा! कशाला हात वर?"

"माझा झाडू लागलाय. मागंच लागलाय." ऑरेस्टनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मलमानं चकाकणारे लाल चट्टे दिव्याखाली सगळ्यांना दिसले. "ही खाज माझी आहे. कर्करोगाच्या औषधानं आलीय. कुणाला लागत नाही. पेटीतले हातमोजे मी आयुष्यात घातलेले नाहीत. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. मग डांतेचं नाव निघालं, आणि मी ते निघू दिलं."

कुणीतरी हातातला झाडू खाली टेकवला.

"अरे, पण आम्ही ती पेटी जाळली ना!" मर्व्ह म्हणाला. दुसरं काही सुचलं नसावं त्याला. मग त्याचं कोपर खाली गेलं, आणि तो तांबडाबुंद झाला.

डांते ऑरेस्टच्या हातांकडं बघत होता. "रोवेनाला ठाऊक होतं?"

"मंगळवारपासून. मी म्हटलं सांग. ती म्हणाली, सांगता येत नाही."

"मंगळवारी तिनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला," डांते म्हणाला. "आणि खिडकीबाहेर फेकला. बर्फात. मला वाटलं, माझ्यावरच चिडलीय."

ऑरेस्टनं हात पुढं केला. डांतेनं तो बघितला. मग त्यानं आपले नवे विकत घेतलेले हातमोजे चढवले आणि झाडू उचलला. "खेळून घेऊ," तो म्हणाला. "उशीर होतोय."

हवेत राहिलेला हात खाली कसा घ्यायचा, हे ऑरेस्टला त्या दिवशी कळलं. त्याला काही रीतच नाही. कसाही घेतला तरी सगळे बघत असतात.

ते खेळले. ऑरेस्टचे दगड वाकडेतिकडे गेले, पण प्रत्येकापुढं डांते नेहमीसारखाच जीव तोडून झाडू मारत होता, एकाचीही हयगय त्यानं केली नाही. हरले ते हरलेच. मग पुन्हा रांग लागली. मर्व्हनं डांतेचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिला. डांते मान डोलावत होता. मग तो पुढं सरकला आणि ऑरेस्टसमोर येऊन थांबला.

त्यानं हातमोजा काढला. त्याच्या बोटांची पेरं ब्रशनं सोलून निघाली होती. खेळाआधी ती खिशात होती आणि खेळभर हातमोज्यात, म्हणून ऑरेस्टला ती आता दिसली.

"मनात कितीही राग असू दे, खेळ संपला की हात द्यायचा," डांते म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

त्यानं हात मिळवला. हलकेच, कातडीला लागणार नाही अशा बेतानं.

"चांगला खेळ झाला, मिस्टर दुचाक."

आणि तो पुढच्याकडं वळला. कुया नाही. ऑरेस्टचे ओठ हलले, काहीतरी बोलावं, विनवावं असं त्याला फार वाटलं. पण हात वर करून झाला होता. आता जे ठरवायचं ते समोरच्यानं. सोललेल्या पेरांचा खरखरीतपणा तळव्यावर तसाच घेऊन तो तोंड मिटून उभा राहिला.